शेऱ्याच्या रकान्यातली ओळ

जनरल रजिस्टर उघडून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. ते माझ्या खुर्चीमागच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात होतं आणि कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. मी उघडलं नाही. त्यापायी एका मुलीचं अख्खं वर्ष गेलं आणि तिच्या बापाला वर्षभर स्वतःच्या घरात खालमानेनं वावरावं लागलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी संगणकावर बराच राग काढणार आहे. तो राग खरा आहे, अजून गेलेला नाही. पण त्या रागाआड मी वर्षभर लपून बसलो होतो, हेही तितकंच खरं आहे.

मी शहादा तालुक्यातल्या एका शाळेत लिपिक आहे. शाळेला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं आहे. माझं मूळ गाव कोरीट, नोकरीमुळे म्हसावदला घर केलं. आमच्याकडे सपाटीवरच्या शेतकऱ्यांची मुलं येतात आणि सातपुड्यातली वसतिगृहात राहून शिकणारी मुलंही येतात. बावीस वर्षांत त्या सगळ्यांचे दाखले माझ्या हातून गेले. शाळेत पहिला संगणक आला तेव्हा तो कोणी शिकायला तयार नव्हतं. मी शिकलो. पुढे मुख्याध्यापकसुद्धा प्रिंटर अडला की मलाच हाक मारायचे. कीबोर्डकडे न बघता मराठी टाइप करणारा आमच्या केंद्रात मी एकटा होतो, आणि ही गोष्ट मला चांगली माहीत होती.

मग गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मला न विचारता माझा संगणक बदलला. यंत्र तेच, वरचा टवका उडालेलं; पण आत विंडोज नव्हतं. आमच्या संगणकाच्या मॅडमनी सगळ्या जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकलं होतं. यंत्रं जुनी झाली, विंडोजची नवी आवृत्ती त्यांना पेलत नाही, हे फुकट आहे आणि हलकं आहे, असं मुख्याध्यापकांनी मला सांगितलं.

"सर, मला विचारायचं तरी होतं."

"अहो, तुम्हाला काय अवघड आहे? तुम्ही तर मास्टर!" असं म्हणून ते मोकळे झाले.

मास्टरला सी ड्राइव्ह सापडेना. खालच्या कोपऱ्यातलं बटण दुसरीकडेच गेलेलं. बावीस वर्षांचे अर्ज, नमुने, पत्रं एका फोल्डरमध्ये नीट ठेवलेली होती, पण ती उघडली की समासच हललेले. दाखल्याची चौकट दुसऱ्या पानावर घरंगळायची. मराठी टाइप करताना बोट सवयीनं जिथे जायचं तिथे भलतंच अक्षर. गावात सगळ्यांची घरं तीच ठेवायची आणि आतली दारं मात्र रातोरात दुसऱ्या भिंतीत बसवायची, तसा प्रकार. नवशिक्याला याचा त्रास होत नाही, त्याला कुठलंच दार माहीत नसतं. ज्याला सगळी दारं पाठ असतात, तोच भिंतीवर आपटतो. आणि वर लोक हसतात.

आमचे शिपाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, अहिराणीशिवाय बोलत नाहीत. माझी आदळआपट बघून ते एकदा चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाले, "नाना, नवा बैल शे तो. त्याले चुचकारनं पडस. तू ते पहिला दिवसले पराणी लाई ऱ्हायना."

"बैल असता तर पराणीनं टोचत बसलो नसतो, विकला असता मी," मी म्हणालो.

"कोन लेवाव शे त्याले? फुकट ना शे तो!"

मॅडम चांगल्या होत्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी दोन-तीनदा विचारलं, "भाऊसाहेब, अर्धा तास बसू या का? चार-पाचच गोष्टी वेगळ्या आहेत." मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही शाळेत शिकत होतात तेव्हापासून मी हे करतोय." त्यांनी परत विचारलं नाही. त्या चार-पाच गोष्टींतली एक पुढे माझ्या मुळावर आली.

इथे माझ्या कामाची पद्धत सांगायला हवी. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असते. मी दिवसभराचे दाखले एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक करतो, आणि शेवटी रजिस्टर शेजारी ठेवून सगळे एकदम तपासतो. तपासताना जी ओळ वाचतोय ती माउसनं निळी करायची, म्हणजे नजर चुकत नाही. पान लांब असलं की माउसचं चाक दाबायचं. विंडोजवर चाक दाबलं की पडद्यावर बाणांचा छोटा गोल उमटायचा आणि पान आपोआप सरकू लागायचं. एक हात रजिस्टरवर, एक माउसवर. ही माझी वर्षानुवर्षांची सवय, आणि या सवयीमुळेच माझा दाखला कधी चुकत नाही असं माझं नाव होतं.

नव्या सिस्टिमवर चाक दाबलं की पान सरकत नव्हतं. मी चिडून दोनदा, तीनदा दाबायचो. मधेच कुठेतरी भलते शब्द उमटलेले दिसायचे. मी ते पुसायचो, सिस्टिमला शिवी द्यायचो आणि पुढे जायचो. हे शब्द येतात कुठून, असा प्रश्न मी मॅडमना विचारला नाही. विचारणं म्हणजे त्यांच्यासमोर बाकावर बसणं.

त्याच जूनमध्ये मणिबेलीची एक मुलगी दाखल्यासाठी आली. गावाचा बराचसा भाग धरणाच्या पाण्याखाली गेलेला, उरलेल्या वस्तीवर बोटीनं जावं लागतं. ती पाचवीपासून आमच्याकडे होती. बारावीला चांगले गुण मिळाले आणि नंदुरबारला नर्सिंगला नंबर लागला. त्या दिवशी मी तिचं कौतुकसुद्धा केलं. खिडकीतून दाखला देताना म्हणालो, "आता इंजेक्शन द्यायला आम्हालाच बोलाव." ती हसली.

चार दिवसांनी ती परत आली, सोबत वडील. दाखला तिनं खिडकीच्या फळीवर ठेवला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. शेऱ्याच्या रकान्यात छापलेलं होतं: जन्मतारखेचा पुरावा सादर केलेला नाही.

"सर, कॉलेजवाले म्हणतात पुरावा आणा, नाहीतर ॲडमिशन नाही. शनिवारपर्यंत मुदत आहे."

त्या दिवशी बुधवार होता. खिडकीसमोर आठ-दहा माणसं उभी होती. मी ती ओळ वाचली. आपण ही ओळ केव्हा लिहिली, ते मला आठवेना. पण क्षणभरही असं वाटलं नाही की लिहिली नसेल. डोंगरातल्या मुलांच्या जन्माचे कागद नसतात, कितीतरी मुलांची जन्मतारीख गुरुजींनी एक जून लावून दिलेली असते, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. म्हणजे मी काहीतरी बघूनच लिहिलं असणार.

"मग आणा ना पुरावा," मी म्हणालो.

वडील पुढे झाले. डोक्याचं फडकं त्यांनी हातात घेतलं होतं. "कागद दिला व्हता, भाऊसाहेब. पोरीला पहिल्यांदा आणलं ना इथं, तवाच दिला."

"दिला असता तर मी असं लिहिलं असतं का?"

"दिला व्हता. ग्रामपंचायतचा."

"बाबा, तुम्ही लोक दिवाळीनंतर गुजरातला जाता ऊस तोडायला, आज इथे, उद्या तिथे. कागद कुठे ठेवला, कोणाला दिला, तुम्हाला काय आठवणार? आणि दोष आमच्यावर!"

हे वाक्य मी मोठ्यानं बोललो. रांगेतले दोघं-तिघं हसले. मुलगी वडिलांकडे बघायला लागली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ती माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे संशयानं बघत होती. वडिलांनी फडकं परत डोक्याला गुंडाळलं. "आनतो मंग," एवढंच म्हणाले आणि निघाले. एसटी, मग जीप, मग बोट. ग्रामसेवक भेटला तर कागद, नाही भेटला तर थांबा, आणि परत बोट. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी पुढच्या माणसाला "हं, बोला" म्हणालो.

मला आजही राग येतो तो या ठिकाणी. माझा तर येतोच, पण एकट्याचा नाही. मुख्याध्यापकांनी तो दाखला न वाचता सही करून दिला होता, गठ्ठेच्या गठ्ठे सह्या करतात तसा. कॉलेजच्या खिडकीतल्या माणसानं शाळेला एक फोन करून विचारलं नाही. मी रजिस्टर काढलं नाही. तीन टेबलांवर तीन शिकलेली माणसं, आणि तिघांनीही एका छापील ओळीवर विश्वास ठेवला. समोर उभं राहून, स्वतःच्या तोंडानं "दिला व्हता" असं दोनदा सांगणाऱ्या माणसावर कोणी ठेवला नाही. छापलेलं होतं ना! छापलं कोणी, कसं, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

शनिवारी अर्धा दिवस शाळा. अकराच्या सुमारास मी पालक सभेची सूचना टाइप करत होतो आणि मॅडम शेजारच्या टेबलावर हजेरीचं काम करत होत्या. सूचनेच्या मध्यात अचानक वरचा विषयाचा मथळा पुन्हा उमटला. मी माउस आपटला.

"बघा! बघा तुमची सिस्टिम! भुतानं झपाटलंय याला."

मॅडम उठून आल्या. माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही चाक दाबता का?"

"पान सरकवायला दाबतो. का?"

"इथे चाक दाबून पान सरकत नाही. इथे तुम्ही काहीही निळं केलं की ते आपोआप कॉपी होतं, आणि चाक दाबलं की जिथे बाण असेल तिथे पेस्ट होतं." त्यांनी मथळा निळा केला, खाली मोकळ्या जागेत नेऊन चाक दाबलं. मथळा उमटला. "भूत वगैरे नाही. तशी सोयच आहे ही."

सोय! न सांगता उचलायचं आणि न सांगता दुसऱ्याच्या पानावर नेऊन टाकायचं, याला सोय म्हणतात. मी संतापून काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात मला त्या मुलीच्या दाखल्यातली ओळ आठवली.

मॅडम जागेवर गेल्यावर मी त्या दिवसाची दाखल्यांची फाइल उघडली. मुलीच्या दाखल्याच्या वरच्याच पानावर आमच्याच सपाटीवरच्या गावातल्या एका मुलाचा दाखला होता. त्याच्या शेऱ्यात तीच ओळ, शब्दाला शब्द. तिथे ती खरी होती. त्याच्या घरच्यांनी कागद खरंच दिला नव्हता. मी ती तपासताना निळी केली असणार, मग खालच्या पानाकडे जायला चाक दाबलं असणार, नजर रजिस्टरवर. शेऱ्याचा रकाना मी पुन्हा बघत नाही. तो कोराच असतो.

मग मी उठून कपाट उघडलं. रजिस्टरमध्ये मुलीच्या प्रवेशाची नोंद होती. जन्मतारीख जानेवारीतली. एक जून नाही. हे तर दाखल्यावरही होतं आणि माझ्यासारख्या माणसाला एवढ्यावरूनच कळायला हवं होतं, की ज्या मुलीची तारीख एक जून नाही तिचा कागद कोणीतरी पाहिलेला आहे. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं: ग्रामपंचायतीचा जन्म दाखला, सादर. अक्षर माझं होतं.

आता जे सांगतो ते मी वर्षभर घरीही सांगितलेलं नव्हतं. तेव्हा साडेअकरा वाजले होते. टेलिफोन माझ्या टेबलावर होता. कॉलेजचा नंबर मुलीच्या कागदांवर होता. एक फोन, आणि पुढचं सगळं थांबलं असतं कदाचित. पण मुख्याध्यापक समोरच्या खोलीत होते, दार उघडं होतं आणि मॅडम हाकेच्या अंतरावर. फोनवर मला बोलावं लागलं असतं: चूक आमची आहे. मी स्वतःला सांगितलं, शनिवारी तिकडे कोणी उचलणार नाही. सोमवारी बघू. मी रजिस्टर जागेवर ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

मंगळवारी वडील आले, एकटेच. दाढी वाढलेली, पिशवीत ग्रामपंचायतीचा नवा कागद. ग्रामसेवक दोन दिवस भेटला नव्हता. मी कागद घेतला, न वाचता फाइलला लावला आणि आधीच तयार करून ठेवलेला, शेरा कोरा असलेला नवा दाखला त्यांना दिला.

"झालं काम," मी म्हणालो.

"मुदत गेली ना, भाऊसाहेब."

"बघा विनंती करून."

त्यांनी दाखला दोन्ही हातांनी घेतला. जाता जाता म्हणाले, "माझीच चूक झाली. आधी दिला आसंल आसं वाटलं मला." मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, ते आता सांगता येणार नाही. त्यांना ती हो अशीच दिसली असणार.

जागा गेली. प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या कोणाला मिळाली. मुलगी घरी राहिली, दिवाळीनंतर घरच्यांबरोबर उसाला गेली, हे मला वसतिगृहाच्या बाईंकडून कळलं. त्या वर्षात मी ऑफिसात नव्या सिस्टिमला इतक्या शिव्या दिल्या की शिपाई म्हणाले, "नाना, आते ते त्याना नाद सोड. तो ऐकी नही ऱ्हायना तुन्हं." त्यांना काय माहीत, मी कोणावर ओरडतोय. हात मात्र हळूहळू बसत गेला. मॅडमकडे जाऊन मी एकदाचा अर्धा तास बसलो. त्यांनी चाकाची ती सोय बंद कशी करायची तेही दाखवलं. आज मी त्या यंत्रावर पूर्वीइतकाच वेगानं काम करतो. ते शिकता आलं, याचाच मला कधीकधी जास्त राग येतो. अर्ध्या तासाचं तर काम होतं.

यंदाच्या जूनमध्ये मुलगी परत खिडकीत उभी राहिली. उन्हानं काळवंडली होती, हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे. वडील मागे, जरा लांब.

"सर, मला रजिस्टरचा उतारा पाहिजे, शिक्का मारून. यंदा परत नंबर लागलाय."

"दाखला आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. पण उताराही जवळ ठेवते. मागच्या वर्षी आमच्या बाबानं कागद वेळेवर दिला नाही, मग सगळं गेलं ना. यंदा मी त्याच्या भरवशावर नाही राहणार."

हे ती वडिलांना ऐकू जाईल असंच बोलली. ते हे ऐकायची सवय झालेल्या माणसासारखे जमिनीकडे बघत उभे होते. वर्षभर हे वाक्य त्या घरात किती वेळा बोललं गेलं असेल, ते मला त्यांच्या उभं राहण्यावरून दिसलं.

मी रजिस्टर काढलं. उतारा नंतर लिहिता आला असता. मी आतलं दार उघडून बाहेर व्हरांड्यात आलो आणि वडिलांच्या समोर रजिस्टर उघडं धरलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मुलीला जवळ बोलावलं.

"ही ओळ वाच. मोठ्यानं."

तिनं वाचली. ग्रामपंचायतीचा जन्म दाखला, सादर. मग वरची तारीख वाचली, ती पाचवीत आली त्या दिवसाची. पुन्हा एकदा वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे दिला होता?"

खिडकीसमोरची रांग आमच्याकडे वळली होती. मुख्याध्यापक दारात आले होते, मॅडमही. वडिलांना मी आजवर कधी दादा म्हटलं नव्हतं, बाबा म्हणूनच बोललो होतो.

"दादा, तुम्ही कागद पहिल्याच दिवशी दिला होता. मीच घेतला होता, हे माझं अक्षर आहे. दुसऱ्या मुलाच्या दाखल्यातली ओळ माझ्या हातानं हिच्या दाखल्यात गेली. तुम्ही सांगत होता तेव्हा मी रजिस्टर उघडलं नाही, उलट लोकांसमोर तुम्हाला बोललो. शनिवारी मला चूक कळली होती, मुदत संपायच्या आत. फोन समोर होता. मी केला नाही, माझं नाव जाईल म्हणून. बाई, तुझं वर्ष तुझ्या बापानं घालवलं नाही, मी घालवलं. दादा, मला माफ करा."